आप्पांचा उजवा कान

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर नरकचतुर्दशीची आंघोळ झालेली असेल आणि घरातल्या कुणीतरी मोठ्या मायेनं तुमच्या दोन्ही कानांत कोमट तेल सोडलेलं असेल. काय बोलू! तीसेक वर्षं मी नाशकात, पंचवटीत, कान-नाक-घशाचा दवाखाना चालवला. भाऊबीज सरली की माझ्या दारात चपलांचा ढीग लागायचा. "मॅडम, कानाला दडे बसलेत, आत नुसतं खाजतंय." मी विचारायची, "तेल घातलंत?" उत्तर ठरलेलं, "थोडंसंच." जास्त घातलं असं कबूल करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

माझी सिस्टर लता पेठकडची. माझ्या दवाखान्यात राबून आपण म्हातारी झालो असं ती म्हणते. माझं म्हणणं, तिनंच मला म्हातारं केलं. दिवाळीनंतर ती दारातच उभी राहून एकेकाला विचारायची, "साधं तेल की लसूण घालून?" लसूण कढवून घातलेला असला की आतली कातडी पोळलेली असायची, त्या माणसाला आधी आत घ्यावं लागायचं. लसूणवाले नेहमी जरा ताठ मानेनं आत यायचे. त्यांना वाटायचं, पहिला नंबर मानाचा आहे.

कानात बुरशी होते म्हटलं की लोक दचकतात. का बरं? लोणच्याला होते, पावाला होते, भिंतीला होते, मग कानानं तिचं काय घोडं मारलंय? कानाची नळी असते इंचभर. उबदार, अंधारी, एका बाजूनं बंद. तिथला मळ हा खरं तर राखणदार. तो पाणी अडवतो, जंतू अडवतो. आपण त्यालाच आधी हाकलतो. काडेपेटीची काडी, केसातला आकडा, गाडीची किल्ली, काय वाट्टेल ते घालून कोरतो. वरून तेल नाहीतर नदीचं पाणी. झाली बुरशीची सोय. दुर्बिणीतून पाहिलं तर आत भिजलेल्या वर्तमानपत्राचा बोळा दिसतो आणि त्यावर काळे ठिपके. बारीक नळीनं तो ओढून काढायचा, थेंब द्यायचे, कान कोरडा ठेवायला सांगायचं. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं.

मधे ते साथीचं वर्ष होऊन गेलं. त्यानंतर टीव्हीमुळे 'काळी बुरशी' हे शब्द घराघरात पोचले होते. एक निवृत्त गुरुजी कान दाखवायला आले. माझ्याकडे दुर्बिणीचं चित्र पडद्यावर दिसायची सोय होती, मला तिचं भारी कौतुक. गुरुजींनी स्वतःच्या कानातले काळे ठिपके पडद्यावर पाहिले आणि खुर्चीतल्या खुर्चीत आडवे झाले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "बाई, माझ्या हिला सांभाळा." अहो, ती बुरशी वेगळी, ही वेगळी, हे समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी लतानं त्यांना गोड चहा पाजला आणि म्हणाली, "गुरुजी, लोणच्याला येते तीच ही." तेव्हा कुठे ते उठून बसले. पुढे आठवडाभर त्यांनी लोणचं खाल्लं नाही, असं त्यांच्या पत्नीनं मला सांगितलं.

पण सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. साखर वाढलेली असली, अंगात ताकद नसली, तर हीच किरकोळ बुरशी कातडी सोडून हाडात शिरते. मग ते दुखणं साधं राहत नाही. कान ठणकतो, माणूस उशीला डोकं टेकवू शकत नाही. हाडाच्या आतूनच चेहऱ्याची नस जाते आणि तिथंच ऐकण्याचं मूळ यंत्र असतं. लताच्या गावची एक बाई द्राक्षाच्या कामाला मजुरांच्या टोळीबरोबर डोंगरातून खाली आली होती. कान वाहत असताना टोळी या गावाहून त्या गावाला हलत राहिली आणि ती माझ्यापर्यंत पोचली तेव्हा फार उशीर झालेला होता. जीव वाचला, एक कान कायमचा गेला. अजून कधी भेटली की ती आपोआप वळून चांगला कान माझ्याकडे करते आणि हसते. मला मात्र तिच्यासारखं हसता येत नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढे आप्पांचा कान पाहिला तेव्हा मी एवढी का घाबरले, ते तुम्हाला कळावं.

आप्पा पिंपळगाव बसवंतकडचे. घरची थोडी द्राक्षबाग, पण त्यांची खरी ओळख बाजार समितीच्या कांद्याच्या लिलावात भाव पुकारणारे म्हणून. ज्यांनी कांद्याचा लिलाव पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मैदानात ट्रॉल्या रांगेत लागतात. प्रत्येक ट्रॉलीवर तिचा मालक शेतकरी जीव मुठीत धरून उभा. खाली व्यापाऱ्यांचा घोळका आणि मधोमध पुकारणारा. व्यापारी भाव बोलतात, म्हणजे ओरडत नाहीत हं, कुणी नुसतं पुटपुटतो, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यामागून हळूच टाकतो. पुकारणाऱ्यानं ते सगळं चारी बाजूंनी झेलायचं, वरच्या आवाजात सांगायचं आणि 'तीन वार' म्हणून भाव तोडायचा, म्हणजे पक्का करायचा. ट्रॅक्टर धडधडताहेत, हमाल ओरडताहेत, तरी एकही बोली सुटता कामा नये. सुटली तर वर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचं नुकसान.

पहिल्यांदा आले ते ऑक्टोबरात, द्राक्षाच्या छाटण्या नुकत्या उरकलेल्या. सोबत ताराबाई, त्यांची बायको. उजवा कान खाजतोय, जड झालाय, एवढीच तक्रार. मी साफ केला, म्हटलं, "आप्पा, कानात बुरशी झालीये."

आप्पा खुर्चीतच हसायला लागले. "बुरशी? हात्तिच्या! मॅडम, मग तुम्ही मला काय सांगताय? बुरशी म्हणजे आमच्या घरचंच दुखणं हाय."

आणि त्यांनी मला व्याख्यान दिलं. वेलीवर भुरी नि डावणी या बुरशा कशा येतात, ढगाळ हवा आणि पानावरची ओल कशी घात करते, वेल दाट झाली की हवा खेळत नाही. मी ऐकत बसले. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. माझ्या पुस्तकात जे आहे तेच हा माणूस पानाफांदीच्या भाषेत सांगत होता. मी म्हटलं, "अगदी बरोबर. तसंच कानाचं. ओल नको, हवा खेळू द्या. हे थेंब घाला, साखर तपासून घ्या आणि पुढच्या आठवड्यात या." आप्पा म्हणाले, "येतो की."

आले नाहीत. तेव्हा मला त्याचं विशेष वाटलं नाही. खाज थांबली की कुणी येत नाही.

आले ते बऱ्याच आठवड्यांनी, ताराबाईंनी हाताला धरून आणलेले. चेहरा उतरलेला, डोळे तांबारलेले. उजव्या कानावर उपरणं दाबून धरलेलं. "ठणकतंय मॅडम. झोप नाय." मी दुर्बीण लावली आणि थबकले. कानात लाल मांस वाढलेलं, पडद्याला भोक, कातडी खरवडल्यासारखी. आणि कडेकडेनं निळं. निळंशार! तीस वर्षांत कानातून मी मुंगळे काढले, खडूचा तुकडा काढला, हरभरा काढला, पण निळा कान पाहिला नव्हता.

"आप्पा, हे निळं काय आहे?"

आप्पा भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडे पाहू लागले. ताराबाई छताकडे. लता हळूच म्हणाली, "मॅडम, बोर्डो."

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी. छाटणीनंतर द्राक्षबागेवर मारतात. बुरशीवर जालीम औषध, वेलीच्या. आप्पांनी ते पंपातून वाटीत काढून कानात सोडलं होतं.

माझा पारा चढला. "अहो, तुम्हाला काही कळतं का? कान म्हणजे काय वेल आहे?"

"मॅडम, तुम्हीच म्हणले ना बुरशी म्हणून."

"मी थेंबसुद्धा दिले होते!"

"ते लय बारीक होते," आप्पा म्हणाले. "मला वाटलं, एवढ्याशा बाटलीनं काय होणार? आणि बागेला मारतो तेवढं कडक नाय घातलं. पातळ करून घातलं."

मग ताराबाई फुटल्या. "मी सांगत होते, नका घालू, नका घालू. तर म्हणतात, माझी बाग जिल्ह्यात एक नंबर हाय, मला बुरशी शिकवू नको." त्या रडतही होत्या आणि चिडलेल्याही होत्या. साखर तर तपासलेलीच नव्हती. लतानं तिथंच बोटाला सुई टोचून पाहिली आणि यंत्र माझ्यासमोर धरलं. आकडा भलताच वर गेलेला होता.

चित्र स्पष्ट होतं. चुन्यानं आणि मोरचुदानं कातडी भाजली, साखरेनं अंगाची राखण काढून घेतली आणि बुरशीला आत जायला वाट मोकळी झाली. तुकडा तपासायला पाठवला, स्कॅन काढला. बुरशी हाडाला लागली होती.

मी माझा ऐकणं तपासायचा चिमटा काढला. चिमटा म्हणजे नादकाटा, लोखंडाचा दोन पायांचा, आपटला की गुंजतो तो. तो कपाळाच्या मधोमध टेकवायचा आणि विचारायचं, आवाज कुठल्या बाजूला येतो? गंमत अशी की कान नुसता तुंबलेला असेल, पडद्याला भोक असेल, तर आवाज त्याच दुखऱ्या कानाकडे जातो. पण आतलं मूळ यंत्रच मेलं तर आवाज पळतो चांगल्या कानाकडे. पेठच्या त्या बाईनं डावीकडे बोट दाखवलं होतं आणि तिचाही उजवाच कान होता. मी आप्पांच्या कपाळावर चिमटा टेकवला.

"उजवीकडं," आप्पा म्हणाले.

म्हणजे कान अजून जिवंत होता. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्यावर आणखी थोडी ओरडले.

मग आप्पांनी खरं काय ते सांगितलं. मागच्या पंधरवड्यात उजव्या बाजूच्या एका व्यापाऱ्यानं भाव वाढवला आणि आप्पांना ऐकूच आलं नाही. त्यांनी खालच्या भावात ट्रॉली तोडली. शेतकरी वरून ओरडला, "आप्पा, झोपलात का?" सगळं मैदान हसलं. तेव्हापासून त्यांना गेटवर ट्रॉल्या लावून घ्यायला बसवलंय. "मॅडम, दुखतंय ते मी सोसीन. पण त्या घोळक्यात उभा राहिलो की मी कोणीतरी हाय. गेटवर काय, कोणीबी उभं राहतं. मला परत पुकारता येईल का तेवढं सांगा."

मी म्हटलं, "सांगता येत नाही. पण आता माझं ऐकलंत तर प्रयत्न करते. आणि बोर्डोचा डबा दिसला तरी दुसऱ्या वाटेनं जायचं."

दाखल केलं. साखर ताब्यात आणायला आमच्या ओळखीचे फिजिशियन होते, बुरशीच्या गोळ्या सुरू झाल्या, एक दिवसाआड मी कान साफ करायची. सुरुवातीच्या दिवसांत एकदा चहा पिताना त्यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा ओघळला. त्यांना कळलंही नाही. ताराबाईंनी पदरानं पुसला. चेहऱ्याची नस पकडली गेली होती. त्या दिवशी मी चिमटा जरा घाबरतच काढला. "उजवीकडं," आप्पा म्हणाले. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. कधी कुणाचं 'उजवीकडं' मला इतकं गोड लागलं नसेल.

हळूहळू ठणका उतरला. आप्पा झोपू लागले, ओठाचा कोपरा जागेवर येऊ लागला, ते घरी गेले. दर आठवड्याला दाखवायला यायचे. आणि मग जे होतं तेच झालं. एक दिवस म्हणाले, "मॅडम, आता दुखत नाय. गोळ्या बंद करू?" या गोळ्या कैक महिने घ्याव्या लागतात. हाडातली बुरशी चिवट, दुखणं थांबलं तरी ती आत दबा धरून असते. हे मी चित्र काढून सांगितलं, स्कॅन दाखवून सांगितलं. आप्पा मान हलवत होते आणि मला चांगलं ठाऊक होतं की हा माणूस घरी जाऊन गोळ्या बंद करणार.

मग मला सुचलं. मी म्हटलं, "आप्पा, एक विचारू? बागेतली डावणी दिसेनाशी झाली, पण आभाळ अजून भरलेलंच आहे. तुम्ही फवारणी थांबवता?"

"छ्या! असं कुठं असतंय? पान स्वच्छ दिसतंय म्हणून थांबला तो बुडाला. आभाळ मोकळं होईपर्यंत..." आप्पा बोलता बोलता थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग ताराबाईंकडे पाहिलं. "अस्सं होय," म्हणाले.

"तुमचं आभाळ अजून भरलेलं आहे," मी म्हटलं. "मोकळं झालं की मी सांगेन."

त्यानंतर एक गोळी चुकली नाही. ताराबाई सांगायच्या, जेवण विसरतील पण गोळी नाही. फेब्रुवारीत द्राक्षं उतरली तेव्हा दवाखान्यात पेटी आली. मी आप्पांना एकही मणी खाऊ दिला नाही. स्वतः बागवाला, आणि आमच्या तोंडाकडे बघत बसला. लता तर मुद्दाम एकेक मणी चवीनं खात होती.

पडद्याचं भोक आपलं आपण भरत आलं. स्कॅन साफ आला. मी म्हटलं, "आप्पा, आभाळ मोकळं झालं." चिमट्याचा आवाज आता दोन्ही कानांना सारखाच, म्हणजे कपाळाच्या मधोमध यायला हवा होता. मी चिमटा हातात घेतला, अजून आपटलासुद्धा नव्हता, तोच आप्पा जोरात म्हणाले, "मधोमध!"

"अहो, अजून वाजवला कुठं?"

"सिस्टरनं सांगितलंय, मधोमध आलं की पास."

मी लताकडे रागानं पाहिलं. ती कापूस मोजल्यासारखं करत होती. शेवटी मशीनवर तपासलं. खोलीचं दार लावून, कानाला यंत्र लावून. उजवा कान जवळजवळ डाव्याच्या बरोबरीनं आला. आप्पा खूश, ताराबाई खूश, बाजार समितीनंही त्यांना पुन्हा पुकारायला उभं केलं. पण माझ्या मनाची रुखरुख जाईना. माझी ती खोली बंद, शांत. तिथं टाचणी पडली तरी ऐकू येतं. मैदानात काय? पुन्हा एक बोली सुटली, पुन्हा लोक हसले, तर हा माणूस परत गेटवर जाईल आणि या वेळी कायमचा.

म्हणून उन्हाळ कांद्याची आवक जोरात असताना एका सकाळी मी आणि लता न सांगता गेलो. ऊन मी म्हणत होतं. डोक्यावरून ओढणी घेऊन आम्ही घोळक्याच्या मागे जाऊन उभ्या राहिलो, मुद्दाम आप्पांच्या उजव्या अंगाला, पाठीमागे. आप्पांची पाठ आमच्याकडे. टोपी तिरकी, आवाज खणखणीत. ट्रॅक्टरचा एवढा गोंगाट की मला शेजारी उभ्या लताचं बोलणं कळत नव्हतं. समोरच्या ट्रॉलीवर एक तरणा शेतकरी ओठ चावत उभा होता. भाव एका जागी अडला होता, पुढे कुणी सरकेना.

"एक वार!" आप्पा ओरडले. "दोन वार!"

काय डोक्यात आलं देव जाणे. मी तोंडावर ओढणी धरून, घरात देवापुढं पुटपुटावं इतक्या हळू म्हटलं, "पन्नास वर."

आप्पा थांबले. वळले नाहीत. नुसता उजवा हात वर केला आणि मैदानाला ऐकू जाईल असे गरजले, "उजवीकडून पन्नास वर! एक वार, दोन वार, तीन वार! मॅडम, ट्रॉली तुमची!"

सगळा घोळका गर्रकन वळला. मी ओढणी आणखी खाली ओढली, पण आता काय उपयोग? "अहो आप्पा, मी आपली चेष्टा..."

"बोली ती बोली," आप्पा म्हणाले. अजून पाठच माझ्याकडे. "एवढे महिने ह्या आवाजाच्या शिव्या खाल्ल्यात, ओळखणार नाय का?"

मैदान हसलं, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. एक म्हातारे व्यापारी पुढे आले, "मॅडम, ट्रॉली दवाखान्यात कुठं लावाल? त्याच भावानं मी घेतो." ट्रॉलीवरच्या पोरानं वरूनच मला हात जोडले. लता हसून हसून खाली बसली. आणि मी, आयुष्यभर लोकांवर ओरडत आलेली बाई, त्या भर उन्हात सगळ्यांसमोर रडत होते. इतका आनंद मला माझ्या डिग्रीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

तेव्हा कुठे आप्पा वळले. माझ्याकडे पाहून त्यांनी कपाळाच्या बरोबर मध्यावर एक बोट टेकवलं.

"मधोमध, मॅडम," म्हणाले आणि पुढच्या ट्रॉलीकडे निघाले.